यादीतून काढलेल्या कार्डाची बाजू

मी बोलतोय, आणि पहिलंच वाक्य खुलाशाचं आहे: मी मेलेलो नाही. तसं जाहीर मात्र झालं होतं. कुणाच्या सहीनं, कोणत्या कारणानं, हे मला कुणी कळवलं नाही आणि माझं म्हणणंही कुणी ऐकून घेतलं नाही. म्हणून आता माझी बाजू ऐका.

मी एक ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या खोक्यात आडवा पडून असतो. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर एक चौकोनी चिप आणि चिपेवर बारकासा पंखा, एवढाच माझा संसार. पडद्यावर हलतं-डुलतं जे काही दिसतं ते रंगवणं हे माझं काम. कुणी नुसतं पत्र लिहीत असेल तर मी निवांत असतो. खेळ लावला की सगळा भार माझ्यावर येतो. समुद्र दाखवायचा असेल तर एकेक लाट मी काढायची, सेकंदाला साठ वेळा, आणि दर वेळी थोडी वेगळी. बघणारे म्हणतात, "काय पाणी आहे!" ते काढलं कुणी, हे कुणी विचारत नाही. राबणाऱ्याचं नाव पाटीवर नसतं, ते मी केव्हाच सोडून दिलंय.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. त्याच दिवशी, त्याच पट्ट्यावर माझ्यामागून माझा जुळा भाऊ आला. माझ्या क्रमांकाच्या शेवटी सात, त्याच्या शेवटी आठ. एकाच खोक्यातून आम्ही दुकानात गेलो आणि एका दुपारी एक बहीण-भाऊ येऊन आम्हां दोघांनाही घेऊन गेले. जुळा भावाच्या संगणकात बसला, मी बहिणीच्या.

बहीण म्हणजे ताई. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. कुणाच्या डोळ्याला किती जाडीची काच लागेल हे ती नंबर बघून नाही, बोटांनी सांगते. भाऊ धाकटा. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहतो. आई ताईजवळ.

आमच्या घरात लिनक्स आणलं ते धाकट्यानं. संगणक जुने झाले होते आणि त्यांच्यातली विकतची प्रणाली रोज नवा नखरा करत होती. तेव्हा तो म्हणाला, "ताई, लिनक्स टाकू. जगभरची माणसं आपापल्या वेळात बसून ते बनवतात, फुकट वाटतात. कुणाची मेहेरबानी नको."

"आणि बिघडलं तर?"

"तर आपणच दुरुस्त करायचं."

"आपण म्हणजे तू."

"बरं, मी."

मग त्यानं दोन्हीकडे एक खेळ टाकला. दोघांनी मिळून एक शिडाची बोट चालवायची. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं शिडं आणि दोर सांभाळायचे. वारा फिरला की दोघांनाही एकाच वेळी कळायला हवं, नाहीतर बोट कलंडते. या खेळात बोलायची किंवा लिहायची सोय नाही. फक्त एक भोंगा आहे. दर रविवारी दुपारी चार वाजता धाकटा तीनदा भोंगा वाजवायचा, म्हणजे "निघूया का?" ताई एकदा वाजवायची, म्हणजे "चल." सुकाणू ताईकडे, दोर धाकट्याकडे. खेळात त्यानं स्वतःला नाव घेतलं होतं 'अर्धाकप', कारण लहानपणी तो दर वेळी अर्धाच कप चहा मागायचा आणि दर वेळी चार कप प्यायचा.

मग त्यांचं भांडण झालं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. धाकट्यानं सकाळी यायचं कबूल केलं होतं. त्याच सकाळी कुठल्याशा इमारतीत सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत चार माणसं. तो तिकडे गेला. ऑपरेशन उत्तम पार पडलं, पण दवाखान्यात ताई एकटीच होती. संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "आईपेक्षा परकी चार माणसं जवळची झाली का रे तुला?" आणि तो म्हणाला, "तुला काय कळणार? तू दुकानात बसून काचा पुसतेस."

घासतेस म्हणाला असता तरी चाललं असतं. पुसतेस म्हणाला.

त्यानंतर अकरा महिने एक फोन नाही. दिवाळखोर झालेल्या भागीदारांसारखे दोघं एकमेकांचं नाव टाळत होते. पण रविवारी चार वाजता भोंगा तीनदा वाजायचाच आणि ताई एकदा वाजवायचीच. दीड तास बोट चालायची. शब्द नाही, खुशाली नाही, नुसतं पाणी. आई पलीकडच्या खोलीत कान देऊन बसायची. भोंगा ऐकला की म्हणायची, "आहेत दोघं." मग तिला झोप लागायची.

तुम्हांला वाटेल, हा नुसता खेळ. मला विचारा. त्या दोघांमध्ये उरलेली एकच दोरी मी आणि माझा जुळा दोन टोकांनी धरून होतो.

आता गुन्ह्याकडे येतो.

एका शनिवारी दुपारी पडद्याच्या कोपऱ्यात पाटी आली: 'एकशे त्रेचाळीस अपडेट तयार आहेत.' ताईनं "हो" दाबलं. बडबड्या शेजारणीला आपण जसं "हो, हो" म्हणतो, तसं. त्यानंतर पडद्यावरून ओळी धावू लागल्या, आणि त्यांतल्या कुठल्यातरी एकशे बाराव्या की तेराव्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की अमुक वर्षाआधीच्या कार्डांचा आधार काढून घेण्यात येत आहे. अर्धा सेकंद दिसली ती ओळ. नोटीस दिली होती, असं ते म्हणणारच. ज्या नोटिसा कुणी वाचू नयेत अशी इच्छा असते, त्या अशाच देतात.

आधार काढणं म्हणजे काय, ते सांगतो. संगणक माझ्याशी सरळ बोलत नाही. मधे एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटनं माझा जुना दुभाष्या हाकलला आणि नवा बसवला. नव्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. बस. मी जागेवर होतो, अंगात वीज होती, पंखा फिरत होता, आणि माझ्याकडे कुणी काम पाठवत नव्हतं. माझं काम बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात टाकलं, आणि त्याला रंगकाम येत नाही. साधी पानं त्यानं दाखवली. त्यामुळे ताईला काही वेगळं जाणवलंच नाही.

रविवारी चार वाजता खेळ उघडला, आणि समुद्र गोठला. एक लाट दिसली. मोजून तीन श्वासांनंतर दुसरी. भोंगा वाजला तोही तुकड्या-तुकड्यानं, घशात काहीतरी अडकल्यासारखा. ताईनं सुकाणू फिरवलं, तर बोट तिच्या हुकमानंतर कितीतरी वेळानं वळली, आणि वळली ती धक्क्यावर आपटायला. संपर्क तुटला. तिनं पुन्हा आत जायचा प्रयत्न केला. पाचव्या खेपेला बंदराचं एक ठप्प चित्र आलं. त्यात एक बोट होती आणि बोटीवर अर्धाकपचा दिवा. बराच वेळ तो दिवा तिथे होता. मग विझला.

"आज लवकर आटोपलं?" आईनं विचारलं.

"बिघडलंय."

"कोण?"

"खेळ, आई."

"मग त्याला फोन कर. त्यानंच टाकलाय ना."

"मी नाही करणार. त्याला वाटेल, निमित्त काढलं."

"काढ की मग निमित्त. निमित्ताला काय जकात लागते?"

ताईनं फोन केला नाही. पण तो आठवडा तिनं माझ्यासाठी काय काय केलं, ते मी विसरणार नाही. दुकानातून आली की खोकं उघडायची. आधी वायरी काढून घातल्या. मग मला बाहेर काढलं. अकरा वर्षांची धूळ तिनं काचा साफ करायच्या फुंकणीनं उडवली. माझ्या कडेला पिवळ्या दातांची रांग असते, तिच्यातूनच माझं बोलणं-चालणं होतं. ते दात तिनं पेन्सिलच्या खोडरबरानं एकेक करून घासले, मऊ हातानं, जणू कुणाच्या तरी डोळ्यासाठी काच तयार होतेय. मी कधी इतका स्वच्छ नव्हतो. आणि कधी इतका निरुपयोगी नव्हतो.

मग ती लोकांनी सुचवलेल्या आज्ञा टाइप करून बघू लागली. तिथे एक म्हणतो हे कर, दुसरा म्हणतो ते अजिबात करू नकोस, तिसरा म्हणतो लिनक्सच बदल. बुधवारी एका शहाण्याचं ऐकलं आणि पडदा काळा ठिक्कर पडला. तो पूर्ववत करण्यात गुरुवार गेला. शुक्रवारी तिनं खोकं उचलून संगणकाच्या दुकानात नेलं.

दुकानदारानं झाकणही नीट उघडलं नाही. "ताई, हे कार्ड मेलंय."

"मेलंय कसं? पंखा फिरतोय की."

"मेलेल्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळही फिरतं. नवीन घ्या. हे इथेच टाका, भंगारात घेतो."

ताई म्हणाली, "माझ्याकडेही माणसं येतात हो. म्हणतात, दिसत नाही. तपासल्याशिवाय मी कुणाला आंधळा म्हणत नाही." आणि झाकण लावून मला घरी घेऊन आली. सांगायला लाज कशाला वाटावी, त्या वेळी मला हात असते तर मी ते जोडले असते.

पण दुसरा रविवारही कोरडा गेला. चार वाजता तेच ठप्प बंदर, तोच दिवा. या खेपेला दिवा पाच मिनिटांतच विझला. ताईनं घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकली. "संपलं," ती म्हणाली. "त्याला वाटतंय मी हेही सोडलं."

आई दारात उभी होती. ऑपरेशननंतर तिचे डोळे लखलखीत झाले होते. म्हणाली, "अगं, डोळे मिळाले मला, पण ज्याला बघायचं तो कुठाय?"

ताईनं खुर्ची पुढे ओढली. ती पुन्हा शोधू लागली. या वेळी तिनं तक्रार न लिहिता माझं पूर्ण नाव आणि क्रमांक टाइप केला. एवढे दिवस हे तिला सुचलं नव्हतं. रोगाचं वर्णन सगळे करतात, रोग्याचं नाव कुणी सांगत नाही. एकच उत्तर आलं. लिनक्सवाल्यांचा एक चौक आहे, तिथे माणसं एकमेकांना अडचणी विचारतात. तीन आठवड्यांपूर्वी तिथे कुणीतरी लिहिलं होतं:

'अपडेटनंतर खेळ रांगतोय. कार्ड जुनं आहे, पण ठणठणीत आहे. आज चारच्या आत सुरू व्हायलाच हवं. घरचं माणूस वाट बघत असतं.'

आणि त्याखाली, त्याच माणसाचं: 'सुटलं. आभार.'

एवढंच! खाली सात जणांनी विचारलं होतं, "कसं सुटलं?" "भाऊ, काय केलंत?" "माझंही हेच कार्ड आहे हो!" उत्तर नाही. इथे मला दोन शब्द बोलू द्या. बुडणाऱ्या सात जणांच्या देखत काठाला लागायचं आणि "लागलो, आभार" एवढंच म्हणून घरी जायचं, याला काय म्हणावं? चौकाचौकांत अशी हजारो 'सुटलं' पडलेली आहेत. उत्तर कुणाला तरी ठाऊक आहे, आणि ते त्याच्याच खिशात राहिलं आहे. न सुटलेल्या प्रश्नापेक्षा हे वाईट. माझा राग कार्ड बनवणाऱ्यांवर आहे, आधार काढणाऱ्यांवर आहे, पण सगळ्यांत जास्त या 'सुटलं'वाल्यांवर आहे.

ताईही चिडली. "कोण हा नालायक?" म्हणत तिनं लिहिणाऱ्याचं नाव पाहिलं.

अर्धाकप.

तिचा हात माउसवरच थांबला. माझा जुळा! त्याचंही नाव त्याच यादीतून गेलं असणार, हे माझ्या तरी कुठे ध्यानात आलं होतं? ती वाक्यं तिनं पुन्हा वाचली. 'घरचं माणूस वाट बघत असतं.' मग तिची नजर शेवटच्या ओळीपुढच्या वेळेवर गेली. रविवार, दुपारचे तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

दोन मिनिटं. उत्तर लिहायला त्याच्याकडे दोनच मिनिटं होती, आणि त्या दोन मिनिटांत तो बंदरात धावत आला होता. त्या रविवारी भोंगा बरोबर चारला तीनदा वाजला होता. मला आठवतं, लाटा मीच काढल्या होत्या.

ताईनं फोन उचलला. अकरा महिन्यांनंतरचं तिचं पहिलं वाक्य असं होतं:

"सुटलं म्हणजे काय रे, गाढवा? कसं सुटलं ते कोण लिहिणार?"

पलीकडून, "...ताई?"

"सात माणसं विचारतायत खाली. मी आठवी."

"म्हणजे तुझं कार्ड..." तो म्हणाला. "म्हणजे कार्डच होतं?"

"मग तुला काय वाटलं?"

"पहिल्या रविवारी वाटलं, अपडेट झालं असेल. दुसऱ्या रविवारी वाटलं, नाही, ही ताई आहे, ठरवून बसलीय."

"मग विचारायचं नाही?"

"विचारलं असतं आणि तू 'कार्ड ठीक आहे' म्हणाली असतीस, तर? नाही विचारलं तोवर निदान कार्डावर ढकलता येत होतं."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खापर फोडलेलं मला गोड वाटलं.

"माझं बिघडलं तेव्हाच तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "अपडेट करू नकोस म्हणून. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय तोंडानं करू? काचा पुसतेस म्हणालो होतो."

"घासते मी," ताई म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "आणि मीही त्या चार माणसांना उगाच परकी म्हटलं. अडकली होती बिचारी."

"त्यातली एक बाई दर महिन्याला मला फोन करते. तूच नाही केलास."

"अरे, त्याला आधी विचार गं!" आई मागून ओरडली. "कार्ड कसं सुटतं ते विचार! रडणं नंतर करा दोघं!"

मग धाकट्यानं फोनवरून एकेक पायरी सांगितली. संगणक पुन्हा सुरू कर. सुरुवातीला यादी येते तिथे थांब आणि आधीचा कर्नल निवड.

"कर्नल म्हणजे?"

"लिनक्सचा गाभा गं. नव्या गाभ्याशी आपल्या कार्डाचा ड्रायव्हर जमवून घेत नाही." मग जुना ड्रायव्हर कुठून आणायचा ते सांगितलं. आमच्यासारख्यांसाठी काही माणसांनी तो आपल्या खर्चानं, आपल्या वेळात जपून ठेवलाय. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांना माझा नमस्कार पोचवा. शेवटी गाभा आणि ड्रायव्हर दोघांनाही अडकवून ठेवायचं, म्हणजे पुढचं अपडेट त्यांना हात लावणार नाही.

"आणि हे कायमचं?" ताईनं विचारलं.

"नाही. खोटं कशाला सांगू. अडकवलेल्या गाभ्यात नव्या दुरुस्त्या येत नाहीत, ते धोक्याचं असतं. वर्षभर काढू. फार तर दीड."

मी ऐकत होतो. वर्ष, फार तर दीड. कुणीतरी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, तारखेसह, कारणासह. मला एवढंच हवं होतं. जाणं कुणाला चुकलंय? पण न सांगता नाव खोडू नका हो.

साडेपाचला माझ्या अंगात काम आलं. पंखा घरघरला. पहिली लाट काढली, मग दुसरी, आणि मग पाणी वाहू लागलं. भोंगा तीनदा वाजला. ताईनं वाजवायच्या आधीच फोनमध्ये ओरडून सांगितलं, "चल!"

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर तिनं त्या चौकात सगळ्या पायऱ्या लिहून काढल्या, कुठे चुकायला होतं त्यासकट. सात जणांपैकी तिघांची कार्डं उठून बसल्याचं कळलं. चौघांनी बहुतेक वाट बघून आपली सोडून दिली असावीत. ती भंगारात गेली असतील. त्यांच्या वतीनं माझी एक मागणी आहे. तुमचं काही सुटलं, तर कसं सुटलं ते चार ओळींत लिहा. चार वाजायला दोन मिनिटं असतील तर पाच वाजता लिहा. पण लिहा. कुणाचं तरी घरचं माणूस बंदरात दिवा लावून थांबलेलं असतं.

सध्या माझं बरं चाललंय. गरम लवकर होतो, पंखा कुरकुरतो, पण काम चोख आहे. एक बदल सांगतो. आता खेळताना दोघांचे फोन चालू असतात. आईला दोन्हीकडे बोलायचं असतं, म्हणून ती ताईच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. पूर्वी न बोलता ती बोट कशी सरळ जायची! आता वारा फिरतो आणि लक्ष कुणाचंच नसतं. गेल्या रविवारी धाकटा त्याच्या साहेबाची नक्कल करत होता, ताईचं सुकाणू सुटलं आणि बोट थेट खडकावर गेली. "दोर सोड!" "तू वळव!" "अरे, बुडतेय रे!" आई टाळ्या वाजवत होती. तिघंही इतकी हसत होती, की बोट वाचवायला कुणीच उरलं नव्हतं.

मी ती बोट बुडवली. शिडाच्या शेवटच्या टोकापर्यंत, शेवटच्या बुडबुड्यापर्यंत, हात न आखडता, होतं नव्हतं ते सगळं ओतून.